गॅसवाली कॉलनी

नोकरीतली बहुतेक प्रकरणं मी विसरलो. खून विसरलो, दरोडे विसरलो, ज्या चोऱ्यांपायी आठवडा आठवडा घरी गेलो नाही त्याही विसरलो. एका साध्या, रक्ताचा थेंब न सांडलेल्या प्रकरणाने मात्र अजून पाठ सोडलेली नाही. कागदावर पाहिलं तर तपास वेळेत झाला, आरोपी सापडला, वरिष्ठांनी शाबासकीही दिली. नावं मी कोणाचीच घेणार नाही. ती माणसं अजून त्याच भागात राहतात, आणि त्यांना त्या प्रकरणाचा त्रास पुरेसा झालेला आहे.

तेव्हा मी सहायक पोलीस निरीक्षक होतो. जिल्ह्याच्या पूर्वेला, जामखेडच्या अलीकडच्या एका ठाण्याचा कारभार माझ्याकडे होता. माझं मूळ गाव भंडारदऱ्याकडे, जिथे चार महिने कपडे वाळत नाहीत. इकडे ठाण्याच्या आवारात पाण्याचा टँकर आला की ठाणे अंमलदारासकट सगळे बादल्या घेऊन धावायचे. गुन्हे म्हणाल तर बांधावरच्या मारामाऱ्या, मोटरसायकलींच्या चोऱ्या, आणि दसऱ्यानंतर अर्धा मुलूख ऊसतोडीला गेला की बंद घरांची कुलपं तुटल्याच्या तक्रारी.

त्या वर्षी उन्हाळ्यात एका गावाच्या गायरानात मोठं मशीन येऊन उभं राहिलं. लोखंडी मनोरा, चार-पाच कंटेनर, सतत चालणारा जनरेटर आणि भोवती पत्र्याचं कुंपण. जमिनीखाली नैसर्गिक वायू आहे का, हे पाहण्यासाठी खोल भोक पाडायचं काम होतं. कामावरचा इंजिनिअर परप्रांतातला, मोडकंतोडकं मराठी बोलणारा भला माणूस होता. बंदोबस्ताच्या अर्जासाठी तो ठाण्यात आला तेव्हाच त्याने मला सांगितलं, की अशी भोकं बहुतेक कोरडीच निघतात. पण गावाला 'बहुतेक' हा शब्द ऐकू येत नाही. चहाच्या टपरीवर ज्याला स्वतःचा सात-बारा वाचता येत नव्हता तोही गॅस आणि पेट्रोल यांतला फरक समजावून सांगू लागला.

पहिला महिनाभर जागांचे भाव चढले. नगरहून पांढऱ्या गाड्यांतून एजंट यायला लागले. मग यंत्राची घरघर सुरू झाली, धूर येऊ लागला, कोणाच्या तरी भिंतीला तडा गेला. तडा आधीचाच होता असं शेजारी सांगायचे, पण त्याच्या माघारी. भाव तिथेच अडकले आणि हळूहळू उतरू लागले. मी तेव्हा एक पाहून ठेवलं. गॅस दोन कोसांवर आहे म्हटलं की घराचा भाव वाढतो, दाराशी आला म्हटलं की पडतो. आणि दोन्ही वेळा गॅस कोणी पाहिलेला नसतो. हे मी आमच्या हवालदारांना सांगितलं तर ते म्हणाले, साहेब, तुमी पन प्लॉट घेताय का काय.

गायरानाला लागून रस्त्याकडेला एक कॉलनी होती. कॉलनी हा शब्द मोठा झाला. पंधराएक स्लॅबची घरं, मधून मुरमाचा रस्ता आणि कोपऱ्यावर एक बिनरंगाचं देऊळ. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिथल्या पोलीस पाटलांचा फोन आला, की कॉलनीतला एक बोअर पेटलाय. मी म्हटलं, बोअर कसा पेटेल, मोटर जळली असेल. ते म्हणाले, साहेब, तुमी या अन् बघा.

गेलो तर दोनशे माणूस जमलेलं. निवृत्त ग्रामसेवकांच्या घरामागे बोअर होता. झाकणात मोटरची केबल जायला भोक असतं, त्या भोकाशी त्यांनी उदबत्ती धरली आणि फक्कन वीतभर पिवळी ज्योत उभी राहिली. बायांनी पोरांना मागे ओढलं. ग्रामसेवकांना सगळे अजून भाऊसाहेबच म्हणायचे. उभ्या आयुष्यात त्यांनी गावोगावच्या लोकांना दाखले लिहून दिले होते. स्वच्छ धोतर, खिशाला दोन पेनं, कोणाकडे चढ्या आवाजात बोलणं नाही. ते हात जोडून मला म्हणाले, की बघा साहेब, गॅस आमच्या घराखालीच आहे, आता शासनाने काय तो निर्णय घ्यावा.

असल्या वेळी पोलिसाने जे करायचं ते मी केलं. गर्दी हटवली, पंचनामा केला, अकस्मात जळिताची नोंद घेतली. कॉलनीच्या तोंडाशी बॅरिकेड लावून त्यावर पाटी टांगली: धोका, ज्वालाग्राही वायू, आगपेटी नेऊ नये, पोलीस ठाण्याच्या आदेशावरून. ती पाटी मीच सांगून लिहून घेतली होती. दुपारपर्यंत तिचा फोटो जिल्हाभर मोबाईलवर फिरला आणि दुसऱ्या दिवशी पेपरात आला, पहिल्या पानावर. ज्या घरांना काल कमी भाव येत होता, त्यांना आजपासून गिऱ्हाईकच उरलं नाही.

त्यानंतर दोन दिवसांनी ती बाई ठाण्यात आली. पस्तिशीची असेल, पण गुडघ्यावर हात ठेवून पायरी चढली. ती आणि तिचा नवरा लग्नापासून दर साल कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या फडांवर जात होते. त्या मजुरीतून त्यांनी कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं होतं. आता ते घर एका शाळामास्तरला विकायचं ठरलं होतं, विसारही झाला होता. पैशांतून नगरला नागापूरच्या एमआयडीसीजवळ जागा घ्यायची, बाईने पिठाची गिरणी टाकायची, नवऱ्याने कंपनीत वॉचमन म्हणून लागायचं, असा बेत होता. हे सगळं तिने उभ्यानेच सांगितलं. मी बस म्हटलं तरी बसली नाही. मग ज्या कामासाठी आली होती ते बोलली.

"साहेब, आमच्या घराखाली ग्यास न्हाई, असा एक दाखला द्या."

मी म्हटलं, असा दाखला पोलीस देत नाहीत.

"मंग कोन देतं?"

मी तिला तहसीलला पाठवलं. तहसीलने भूजलवाल्यांकडे पाठवलं, त्यांनी मशीनवाल्यांकडे. इंजिनिअर म्हणाला, माझ्या भोकाचा दाखला मी देईन, तुमच्या घराचा कसा देऊ. सरकारी काम अन् सहा महिने थांब. तीन दिवसांनी ती पुन्हा माझ्यासमोर उभी होती. त्या दिवशी तिने मला आणखी दोन गोष्टी सांगितल्या आणि मी त्या नीट ऐकल्या, हे मला इथे लिहिलं पाहिजे. एक म्हणजे, मुलगी नववीत आहे. घर विकलं नाही तर दसऱ्याला पुन्हा फडावर जावं लागेल. वयात आलेल्या पोरीला एकटी ठेवून जाता येत नाही, आणि बरोबर नेली तर शाळा सुटते. दुसरी गोष्ट मास्तरची.

"मास्तर म्हनले, पुनवंच्या आत कागुद हुत आसंल तर मी घेतो. फुडं पितरं लागत्यात. पितरात आमी काय खरेदी करत न्हाई."

मी मान हलवली आणि म्हटलं, बघतो.

आता तपासाकडे वळतो. पंचनाम्याच्या वेळी माझा बीट हवालदार त्या बोअरशी बराच वेळ वाकून होता. भरतीआधी तो नागापूरला एका वेल्डिंगच्या वर्कशॉपमध्ये कामाला होता. परत येताना जीपमध्ये तो म्हणाला, साहेब, ह्यो वास माज्या वळखीचा हाय. जुन्या पद्धतीच्या गॅस वेल्डिंगला कार्बाईडचे खडे पाण्यात टाकतात, त्यातून गॅस निघतो आणि त्याला कुजक्या लसणासारखा वास येतो. शिवाय झाकणाला काजळी धरली होती आणि बादलीने काढलेलं पाणी दुधासारखं पांढरं होतं. इंजिनिअरला विचारलं तर तो म्हणाला, जमिनीतल्या गॅसला वास नसतो, तो इतका काळाही जळत नाही. मी पाण्याचा नमुना सील करून प्रयोगशाळेकडे पाठवला. तिकडून कळलं की अहवालाला काही महिने लागतील.

ती बाई दुसऱ्यांदा येऊन गेली त्याच दिवशी टीप मिळाली. तेव्हा गणपती बसलेले होते आणि विसर्जनाला आठ दिवस होते. तालुक्याच्या बाजारात गॅस वेल्डिंगचं दुकान असलेला एक माणूस हवालदाराच्या ओळखीचा होता. तो फोन करून म्हणाला, की भाऊसाहेबांनी पोळ्याच्या आधी माझ्याकडून कार्बाईडचा डबा नेला. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले केळी पिकवायची आहेत. माझ्या तेव्हा काही मनात आलं नाही, पण पेपर वाचला आणि झोप लागेना. भाऊसाहेबांच्या परसात केळीचं एक झाड नव्हतं. दोन पेरू आणि एक कढीपत्ता, एवढीच बाग.

म्हणजे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मला कळलं होतं. पुरावा पक्का व्हायचा होता, पण कळलं होतं. मी उपअधीक्षकांना फोन केला. ते म्हणाले, निवृत्त कर्मचारी आहे, वजनदार माणूस आहे, उगीच अंगावर यायला नको, बंदोबस्त होऊ द्या, मग निवांत उचला. त्यात चूक काहीच नव्हती. माझ्याकडे तेवीस माणसं, त्यातली निम्मी होमगार्डच्या जोडीला मंडळांवर लावलेली. शिवाय आधी बभ्रा झाला असता तर म्हाताऱ्याने उरलेले खडे विहिरीत टाकले असते आणि बोअर धुऊन काढला असता. म्हणून मी कोणाला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी ती बाई मिरवणुकीच्या मार्गाची पाहणी चालू असताना मला रस्त्यात भेटली. मी जीपमधून न उतरताच तिला म्हणालो, बंदोबस्त होऊ द्या, मग बघू.

ज्यांनी पोलिसात नोकरी केली आहे त्यांना हे वाक्य ठाऊक आहे. घरातलं लग्न असो, वडिलांचं आजारपण असो, फिर्यादीचं काम असो, आम्ही सगळ्यांना हेच सांगतो. बायको तर मला चिडवायची, की तुमच्या तिरडीलाही थांबावं लागेल, बंदोबस्त होईपर्यंत.

अनंत चतुर्दशीची मिरवणूक शांततेत पार पडली. मी सलग तीस तास उभा होतो. दुसऱ्या दिवशी, म्हणजे पौर्णिमेला, झोपलो. तिसऱ्या दिवशी भाऊसाहेबांना चौकशीसाठी बोलावलं आणि त्याच वेळी हवालदाराला झडतीला पाठवलं. जनावरांच्या रिकाम्या गोठ्यात, कडब्याखाली कार्बाईडचा अर्धा डबा सापडला.

चौकशी म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर पट्टा येतो. माझा अनुभव असा की खालमानेने नोकरी केलेला माणूस माराने कधी बोलत नाही. तो कामाने बोलतो. मी भाऊसाहेबांना चहा दिला, डब्याचं नावही काढलं नाही. म्हटलं, समजा तिथे गॅस लागला आणि शासनाने कॉलनी ताब्यात घ्यायची ठरवली, तर मोबदल्याचं कसं असतं हो, मला त्यातलं काही कळत नाही. त्यांचा चेहरा उजळला. खुर्ची पुढे ओढून ते सांगायला लागले. भूसंपादनाची नोटीस, हरकती, मोजणी, बांधकामाचं मूल्यांकन, झाडांचं वेगळं, बोअरचं वेगळं. बोलता बोलता त्यांनी पिशवीतून एक फाईल काढली. सुवाच्य अक्षरात कॉलनीतल्या प्रत्येक घराचा अर्ज तयार होता. फक्त मालकांच्या सह्या बाकी होत्या. हे अर्ज त्यांनी कधी लिहिले असं मी विचारलं. ते म्हणाले, आषाढात.

बोअर पेटला तो पोळ्यानंतर.

हे मी बोलून दाखवलं नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मग त्यांनी सांगितलं, आणि सगळं सांगितलं. काही वर्षांपूर्वी त्या बाजूने मोठा रस्ता गेला. धाकट्या भावाचं शेत रस्त्यात गेलं, त्याने बंगला बांधला, ट्रॅक्टर घेतला, दोन्ही पोरांना पुण्याला ठेवलं. भाऊसाहेबांचा तुकडा चाळीस फूट अलीकडे राहिला. गावातल्या सगळ्यांचे मोबदल्याचे अर्ज यांनीच लिहिले, कोणाकडून एक चहासुद्धा न घेता, आणि स्वतःला अर्ज लिहायची वेळच आली नाही. गायरानात मशीन आलं तेव्हा त्यांना वाटलं, या खेपेला चाळीस फुटांनी चुकायला नको. आमच्या मुलखात हा हिशेब कोणालाही पटला असता. रस्त्याची आखणी होणार म्हटलं की रात्रीतून पत्र्याची शेड उभी राहते, माळावर आंब्याची रोपं लागतात. शासनाने घर घेतलं की सोनं, हे इथल्या माणसाच्या डोक्यात पक्कं बसलं आहे.

"मी एकट्यासाठी न्हाई केलं साहेब. सगळ्यांचे अर्ज हायेत. त्या कोयतेवाल्या बाईचा तिसराच हाय, बघा. मीच तिला म्हनलो हुतो, आत्ता इकू नको, चौपट मिळंल."

मी त्यांना विचारलं, की जमिनीखालचा गॅस कोणाचा असतो, माहीत आहे का. मी सांगितलं, तो सरकारचाच असतो, त्यासाठी तुमचं घर विकत घ्यायची कोणाला गरज पडत नाही. आणि ते भोक कोरडं निघालंय. पुढच्या आठवड्यात मशीन हलणार आहे, इंजिनिअरने मला तसं लेखी दिलंय. माणूस बारीक होतो म्हणजे काय, ते मी त्या खुर्चीत पाहिलं. जन्मभर नियमाची पुस्तकं चाळलेल्या माणसाने हा एकच नियम कधी उलटून पाहिला नव्हता.

"मंग आता घरांचं काय?" त्यांनी विचारलं. गुन्हा दाखल केला, अटक दाखवली, जामीन झाला. खटला अजून तारखांवर आहे. खरं म्हणजे त्या बोअरचा स्फोट होऊन म्हातारा उडाला नाही, हेच नशीब.

मी प्रेसनोट काढली. पाटीचा फोटो पहिल्या पानावर होता, प्रेसनोट आतल्या पानावर चार ओळींत आली, मोटर पंपाच्या जाहिरातीखाली. बॅरिकेड आणि पाटी उतरवून आणली. बैल गेला आणि झोपा केला, दुसरं काय. मास्तरला मी स्वतः फोन करून सगळं समजावलं. तो सभ्य माणूस होता. म्हणाला, साहेब, तुमच्यावर विश्वास आहे, पण आता पितरं आहेत, नवरात्रात बघू. नवरात्रात त्याने घर घेतलं, पण जामखेडला. आईचं म्हणणं पडलं, की जिथून एकदा जाळ निघाला त्या भुईत चूल नको मांडायला.

आडवा आला तो हा पितरांचा पंधरवडा. माझ्या हिशेबात चार-आठ दिवसांची गोष्ट होती. विसर्जन झालं की दुसऱ्या दिवशी पितृपंधरवडा लागतो, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे, आमच्या घरीही पानं वाढतात. तिने मला ते तोंडाने सांगितलंही होतं. तरी बंदोबस्ताच्या तक्त्यात तो दिवस माझ्या दृष्टीने नुसता सुट्टीचा होता. मी त्या दिवशी झोपलो होतो.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. कामासाठी नव्हे, साधा गेलो, गणवेशही नव्हता. ओसरीवर पत्र्याची पेटी, गोधड्यांचं बोचकं, दोन कोयते फडक्यात गुंडाळलेले. नवरा मुकादमाकडे गेला होता. मुलगी आत भांडी पोत्यात भरत होती. तिने पाणी आणून दिलं आणि परत आत गेली. मी बाईला सांगितलं की गॅस नव्हताच, भाऊसाहेबांनी केलेलं होतं, आता सगळं स्वच्छ झालंय. ती म्हणाली, कळलं आमाला, समदी कॉलनी बोलती. मग तिने विचारलं,

"साहेब, ह्ये तुमाला कवा कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. अटकेची तारीख सांगितली असती तर कागदोपत्री ते खरंच होतं. पण मी खरं सांगितलं, की विसर्जनाच्या आठ दिवस आधी. जीपमधून तिच्याशी बोललो तेव्हा मला माहीत होतं.

मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. दोन्हीची तयारी ठेवून मी बसलो होतो.

"व्हय," ती म्हणाली. "तवा गणपती हुते न्हाई का."

एवढंच. त्यात टोमणा नव्हता. तिच्यासारख्या लोकांच्या कामाला कधी गणपती आडवे येतात, कधी निवडणूक, कधी मंत्र्याचा दौरा, हे तिला इतकं सवयीचं होतं की राग कशाला धरायचा हेच तिला सुचलं नाही. तिने राग धरला असता तर मला बरं वाटलं असतं. मी शाळेत मुलीसाठी बोलतो म्हणालो. हेडमास्तरांशी बोललोही. ते म्हणाले, पटावर नाव राहील, पण पोरगी फडावर असेल तर आम्ही काय करणार.

लोक विचारतात, की एवढ्या वर्षांच्या नोकरीने काय शिकवलं. बाकीच्या प्रकरणांनी कायदा शिकवला, माणसं शिकवली. या प्रकरणाने शिकवलं की खरं शोधून काढणं हे अर्धंच काम आहे. ते कोणाला आणि कधी सांगायचं, हे उरलेलं अर्धं, आणि त्याला कोणत्याही रजिस्टरमध्ये रकाना नाही. तपासाची गोपनीयता पाळली पाहिजे, हे मी आजही नव्या पोरांना सांगतो. पण त्या दिवशी मास्तरला एकट्याला बोलावून, दार लावून, दोन वाक्यं सांगितली असती तर तपासाचं काय बिघडणार होतं, याचं उत्तर मला आजवर सापडलेलं नाही.

इथेच थांबावं असं मला वाटत होतं. पण ही आठवण अशी लिहिली तर मी नुसता उशीर केलेला अधिकारी ठरतो, आणि ते पुरतं खरं नाही. म्हणून पुढचं लिहितो.

निवृत्त झाल्यावर आम्ही घर शोधायला लागलो. बायकोला दमा आहे, गावाकडचा पाऊस तिला सोसत नाही. डॉक्टर म्हणाले कोरड्या हवेत राहा, आणि कोरडी हवा मला चांगली माहीत होती. जामखेडच्या एका एजंटला सांगून ठेवलं. गेल्या उन्हाळ्यात तो आम्हाला घेऊन निघाला आणि गाडी त्याच मुरमाच्या रस्त्यावर वळली. देवळाला आता रंग दिला होता. अर्ध्या घरांना कुलपं होती. तो मला ओळखत होता, त्यामुळे हसून म्हणाला, की साहेब, ही तुमचीच गॅसवाली कॉलनी. सगळा तालुका तिला अजून त्याच नावाने ओळखतो. त्याने एका दोन खोल्यांच्या घराचं कुलूप काढलं. मी आत न जाताच ओळखलं. स्लॅब चांगली होती, भिंतींना ओल नव्हती, दारात कडुनिंब मोठा झाला होता. मास्तरने कबूल केलेल्या किमतीच्या निम्म्यालाही घर मिळत होतं. मालक कुठे असतात, मी विचारलं.

"कारखान्याला जात्यात की. आता दोघंच जात्यात. पोरीचं लगीन त्या जाळाच्या फुडच्याच सालाला उरकलं."

बायकोने घर फिरून पाहिलं. तिला आवडलं. गाडीत बसल्यावर ती हळूच म्हणाली, गॅस नाही हे तुम्हाला माहीत आहे, मलाही माहीत आहे, पण उद्या आपल्या माघारी मुलांना विकायची वेळ आली तर घेणाऱ्याला कोण सांगणार? त्यात काही चुकीचं नव्हतं. कोणीही शहाणा माणूस हेच म्हणाला असता.

त्या जमिनीखाली काही नाही, हे सहीशिक्क्यानिशी सिद्ध करणारा आख्ख्या जिल्ह्यात मी एकटा माणूस होतो. मी ते घर घेतलं असतं तर त्या बाईला तिचा दाखला मिळाला असता. एजंट म्हणाला, साहेब, तुमालाच तर समदं म्हाईत हाय, तुमाला काय सांगायचं. मी म्हणालो, विचार करून सांगतो.

नंतर त्याचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत.